टर्की-चीज स्लायडर गर्दीसाठी करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांचा वाढदिवस असो, सुपर बोलची संध्याकाळ असो की थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, भाजलेले टर्की-चीज स्लायडर, म्हणजे छोट्या पावांची गरम सँडविचं, हमखास होतात. कृती चार ओळींची आहे. गोड हवाईयन पावाची अख्खी लादी आडवी कापायची, मध्ये टर्की आणि चीज घालायचं, वरून मोहरीचं बटर लावायचं आणि ३५० अंश फॅरनहाइटला (साधारण १७५ सेल्सिअस) भाजायचं. चारच ओळी म्हणून कुणी नीट वाचत नाही. १२ पावांची एक लादी कुणालाही जमते, पण ९६ पाव करायला घेतले की पाणी, वेळ आणि ओव्हनमधली जागा ही तिन्ही गणितं एकाच वेळी फसतात.

आधी माप, कारण अंदाजाने आणणारे नेहमी टर्की जास्त आणि चीज कमी आणतात. १२ पावांच्या लादीला टर्की १२ औंस (३४० ग्रॅम), म्हणजे पावामागे एक औंस. चीज ८ औंस (२२५ ग्रॅम), बटर अर्धी स्टिक (५७ ग्रॅम), डिजाँ मोहरी (बाटलीतली तयार मोहरीची पेस्ट) दीड छोटा चमचा, वूस्टरशायर सॉस अर्धा छोटा चमचा, सुक्या कांद्याचा चुरा आणि खसखस प्रत्येकी दीड छोटा चमचा. मोठ्या माणसाला तीन, लहान मुलाला दोन. २५ मोठे आणि १० मुलं असतील तर ९५ होतात, म्हणजे आठ लाद्या. त्यासाठी टर्की ६ पौंड, चीज ४ पौंड, बटर १ पौंड. बाकीचं जेवण भरपूर असेल तर मोठ्यांनाही दोन पुरतात. हे गणित दुकानात जाण्याआधी कागदावर मांडा.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक: पाणी

एका मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची गोष्ट. पाहुणे ६०. संध्याकाळी धावपळ नको म्हणून सकाळी नऊलाच सगळे ट्रे भरून ठेवले. टर्की पाकिटातून काढली तशीच, ओलीच्या ओली लावली. वर टोमॅटोच्या चकत्या. बटरही तेव्हाच ओतून टाकलं, गरम असतानाच. फॉइल ताणून बसवली आणि ट्रे फ्रिजमध्ये गेले. पाच वाजता चारही ट्रे एकदम ओव्हनमध्ये, दोन वर, दोन खाली. १५ मिनिटांनी फॉइल काढली तर पाव पांढरेफटक, मधल्या पावांतलं चीज चौकोनी तुकड्यासारखं तसंच्या तसं. उलथन्याने पहिला स्लायडर उचलला, तर वरचा पाव आणि टर्की वर आली, खालचा पाव लगदा होऊन ट्रेलाच चिकटून राहिला. शेवटी लोकांनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं.

इथे पाणी चार ठिकाणांहून आलं. पाकिटबंद टर्कीत बहुधा मीठ-पाण्याचं किंवा स्टॉकचं द्रावण मुरवलेलं असतं आणि भाजताना ते सुटतं. टोमॅटो तापला की पाणी सोडतो. गरम बटर मोहरीसह एकजीव राहत नाही, पावाच्या फटींतून सरळ तळाशी उतरतं आणि आठ तास तिथेच मुरत बसतं. शिवाय ताणून लावलेल्या फॉइलखाली जमलेली वाफ थेंबाथेंबाने पुन्हा पावावर पडते.

उपाय साधे आहेत, फक्त एकही गाळायचा नाही. टर्कीचे काप पेपर टॉवेलवर पसरून वरून दुसरा टॉवेल दाबा. एका पौंडाला तीन-चार टॉवेल ओले होतात, तेवढं पाणी पावात गेलं असतं. लादीचा खालचा अर्धा भाग कापलेली बाजू वर ठेवून ट्रेमध्ये ३५० अंशांवर पाच मिनिटं एकटाच भाजा. हात लावल्यावर पृष्ठभाग कोरडा लागला पाहिजे, रंग यायची गरज नाही. मग थर लावताना खाली चीज, मध्ये टर्की, वर पुन्हा चीज. वितळलेलं चीज दोन्ही पावांवर पापुद्रा धरतं आणि टर्कीचा ओलावा मधेच अडकून राहतो. चीज एकाच बाजूला लावायचा कंजूषपणा इथे नडतो. टोमॅटो, लेट्यूस, कच्चा कांदा, लोणच्यातली काकडी हे सगळं बाजूला थाळीत ठेवा, ज्याला हवं तो घालून घेईल. कच्चा कांदा तर १५-२० मिनिटांत शिजतही नाही, नुसता पाणी सोडतो. म्हणून बटरमध्ये सुका कांदा.

आदल्या रात्री भरून ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण कोरडं. खालचा पाव भाजून पूर्ण गार करा, चीज-टर्की-चीज लावा, वरचा पाव ठेवा, फॉइल लावून फ्रिजमध्ये. बटरचं मिश्रण वेगळ्या वाटीत. ओव्हनमध्ये घालायच्या अर्धा तास आधी ट्रे बाहेर काढा, बटर तेव्हा लावा आणि भाजायला पाच मिनिटं जास्त धरा.

पाव सुटे करून कापणं

१२ पाव सुटे करून एकेक कापत बसणारे लोक दिसले की वाईट वाटतं, कारण अर्धा तास जातो आणि प्रत्येक पाव चारही बाजूंनी वाळतो. लादी अखंड ठेवा. २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की ती घट्ट होते. मग लांब दात्यांची सुरी आडवी धरून, एक हात वर सपाट ठेवून, हळूहळू करवतीसारखी चालवा. सुरी दाबायची नाही. आधी चारही कडांनी इंचभर आत जा, मग मध्य कापा, म्हणजे एक टोक जाड आणि दुसरं कागदासारखं होत नाही.

हा पाव मराठी हाताला परका वाटायचं कारण नाही. हवाईत गोड पाव नेला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या पोर्तुगीजांनी, आणि आपल्याकडे 'पाव' हा शब्दच गोव्यामार्गे पोर्तुगीजांकडून आला. पुण्या-मुंबईत कुणी हाच प्रकार भाजलेल्या चिकनचे काप घालून करणार असेल तर लादी पाव उत्तम चालतो. फक्त त्यात साखर कमी, म्हणून रंग उशिरा येतो आणि शेवटची उघडी भाजणी दोन-तीन मिनिटं वाढवावी लागते.

चीज

स्विस, प्रोव्होलोन, हवार्टी, मॉन्टेरे जॅक हे चारही नीट वितळतात. जुनं, मुरलेलं चेडर नको, तापलं की तेल सोडतं आणि दाणेदार होतं. पाकिटातलं किसलेलं चीजही नको, त्याला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं आणि ते एकसंध वितळत नाही. काप घ्या, आणि ते लादीच्या कडेपर्यंत पोचू द्या. कोपऱ्यातल्या पावाच्या वाट्याला कोरडी टर्की येणं ही घाईत भरणाऱ्याची खूण.

टर्की डेली काउंटरवर (दुकानातल्या तयार मांस-चीजच्या विभागात) कापून घेत असाल तर पहिला काप हातात मागून बघा. मशीनवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो प्रत्येक मशीनवर वेगळा निघतो. काप घडी घातल्यावर मोडू नये आणि उचलल्यावर फाटू नये. जाड काप चावताना अख्खा बाहेर ओढला जातो, म्हणून पातळ काप सैल घडी घालून ठेवायचे. थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की वापरत असाल तर ती उभ्या धाग्यात सोडवा आणि पौंडाला दोन मोठे चमचे ग्रेव्ही चोळा. पाकिटातल्या टर्कीत पाणी जास्त असतं, हिच्यात ते कमी पडतं. आणि चवीला मीठ घालू नका. टर्की, चीज, मोहरी, वूस्टरशायर चारही खारट असतात, बटर बिनमिठाचंच घ्या.

बटर ओतणं

ओतू नका, ब्रशने लावा. बटर वितळवून कोमट होऊ द्या, मग मोहरी आणि सॉस घालून फेटा, म्हणजे मिश्रण दाटसर राहतं आणि पावाच्या डोक्यावर टिकतं. दोन तृतीयांश भाजण्याआधी, उरलेलं फॉइल काढल्यावर. खसखस घरातली पांढरी चालते. इथल्या पाककृतींत काळी-निळी असते, फरक मुख्यतः दिसण्याचा.

ओव्हन

९ × १३ इंची ट्रेमध्ये दोन लाद्या, म्हणजे २४ पाव, अगदी अंग चोरून बसतात. ते चांगलंच, एकमेकांना टेकलेले पाव बाजूंनी वाळत नाहीत. घरच्या ३० इंची ओव्हनमध्ये असे दोन ट्रे एकाच जाळीवर शेजारी शेजारी मावतात. ४८ पाव ही एका वेळची हद्द समजा. चार ट्रे दोन जाळ्यांवर घातले की खालच्यांचा तळ करपतो, वरच्यांचा माथा, आणि मध्ये वाफ कोंडते. ९६ पाव म्हणजे दोन पंगती. पहिली पंगत खात असताना दुसरी भाजली जाते आणि सगळ्यांना गरम मिळतं. यजमानांना सगळं एकदम टेबलावर मांडायची घाई असते. त्या घाईपायी शेवटच्या ३० जणांना गार, दडस चीज खावं लागतं.

ओव्हन आधी पूर्ण तापू द्या, बीप वाजल्यावरही दहा मिनिटं थांबा. ट्रे मधल्या जाळीवर. फॉइल सैल, मधोमध उंच तंबूसारखी, बटरला न टेकणारी. टेकली तर काढताना पावांची साल तिच्याबरोबर निघून येते. फॉइलखाली १२ मिनिटं, मग उघडं पाच-सहा मिनिटं. फॉइल का? गोड पावात साखर आहे, तो आठ-दहा मिनिटांत तांबूस होतो आणि तोवर मधलं चीज थंडच असतं. पंख्याचा ओव्हन असेल तर ३२५ अंश ठेवा.

झालं की नाही हे कडेच्या पावावरून ठरवू नका. ट्रेच्या अगदी मधला पाव बोटाने जरा वर करा. चीजची कड मऊ होऊन खाली लोंबली पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्ये १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस). घरात गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर ही तपासणी चुकवूच नका. डेलीतल्या मांसात लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो आणि अशांनी ते वाफाळेपर्यंत गरम करूनच खावं असं अमेरिकेतला सरकारी सल्ला सांगतो.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं हात लावू नका. लगेच कापलं तर चीज सुरीबरोबर ओढून येतं.

शाकाहारी ट्रे

मराठी मंडळींच्या कार्यक्रमात शाकाहारी माणसं असतातच, आणि सगळ्यात अक्षम्य चूक इथे होते. टर्कीशिवाय एक लादी भरली, 'व्हेज' म्हणून चिठ्ठी लावली आणि वरून तेच बटर फासलं. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. आयुष्यभर मासा न खाल्लेल्या आजीच्या ताटात तुम्ही तो वाढलेला असतो, आणि त्यांना कळतही नाही. कुणी बाटली मागून वाचली तर मग त्या संध्याकाळी त्या घरात पाणीही घेत नाहीत. त्यांचा राग शंभर टक्के रास्त आहे.

बाटलीवरचे घटक वाचा. मासे नसलेला वूस्टरशायर मिळतो. तो नसेल तर सोया सॉस अर्धा छोटा चमचा, चिंचेचा कोळ पाव चमचा आणि चिमूटभर साखर. मूळ सॉसमध्येही चिंच असतेच, त्यामुळे चव जवळ जाते. शाकाहारी बटर वेगळ्या वाटीत, ब्रश वेगळा, सुरी वेगळी, उलथनं वेगळं. हा ट्रे सगळ्यात आधी भरा, आधी भाजा आणि टेबलाच्या वेगळ्या टोकाला ठेवा. चीजच्या पाकिटावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ) लिहिलंय का तेही बघा, कारण काही स्विस चीजला जनावराचं रेनेट वापरतात. हवाईयन पावात बहुधा अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांसाठी पाव दुसरा आणा. आणि आत नुसतं चीज भरून मोकळे होऊ नका. मशरूम आणि सिमला मिरची पातळ कापून कढईत पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, गार करा, मग दोन चीजच्या मध्ये घाला. मशरूम कच्चे घातले तर पहिल्या चुकीतला लगदा परत समोर येईल.

उरलेले

बाहेर टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेले टाकून द्या, उन्हाळ्यात अंगणात पारा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. त्याआधी उचललेले डब्यात घालून फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. गरम करायला मायक्रोवेव्ह वापरू नका, पाव आधी ओला आणि मग चामड्यासारखा होतो. फॉइलमध्ये सैल गुंडाळून ३२५ अंशांवर १२ मिनिटं, मग फॉइल उघडून दोन मिनिटं.