लंडनमध्ये ट्यूब आणि बसने फिरताना या चुका टाळा

लंडनला आलेल्या पाहुण्यांच्या हातून पहिल्या दोन दिवसांत ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच असते: हातातल्या बँकेच्या कार्डाला ते तिकीट समजतात. मुंबईच्या लोकलचे तिकीट काढले की भाडे तिथेच ठरते आणि पुढचा प्रश्न फक्त टीसीचा उरतो. लंडनमध्ये ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, गेटवर कार्ड टॅप केले की यंत्रणेला एवढेच कळते की या कार्डाचा प्रवासी आत आला. तो कुठे बाहेर पडला हे कळल्यावरच भाडे ठरते. प्रवासाचे दुसरे टोक सापडले नाही, तर यंत्रणा कमाल भाडे कापून मोकळी होते.

यातून पहिला नियम असा निघतो की ज्या कार्डाने आत शिरलात त्याच कार्डाने बाहेर पडायचे. हे वाचायला सोपे वाटते, पण गेल्या उन्हाळ्यात माझे काका वेम्बली पार्कला फोनने टॅप करून आत गेले आणि वेस्टमिन्स्टरला फोनची बॅटरी संपत आल्यामुळे खिशातले कार्ड काढून बाहेर पडले. कार्ड एकाच बँकेचे, खातेही एकच, त्यामुळे आपले काही चुकले असे त्यांच्या मनातही आले नाही. परंतु फोनमध्ये साठवलेले कार्ड आणि हातातले प्लास्टिकचे कार्ड ही यंत्रणेच्या दृष्टीने दोन वेगळी कार्डे असतात. एकाचा प्रवास संपलाच नाही आणि दुसऱ्याचा सुरूच झाला नाही, अशा दोन अपूर्ण प्रवासांचे कमाल भाडे त्यांना लागले. त्याच कारणाने पाकीट उघडून अख्खे गेटवर टेकवू नये, कारण त्यातले कोणते कार्ड वाचले जाईल हे आपल्या हातात राहत नाही. दिवसभराच्या भाड्यावर असलेली कमाल मर्यादाही एकच कार्ड सातत्याने वापरले तरच लागू होते.

दुसरी चूक कुटुंबांची. नवरा-बायको दोघांना एकाच कार्डावर ट्यूबने जाता येत नाही. प्रत्येकाकडे स्वतःचे कार्ड हवे. 11 वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर ट्यूबने फुकट जातात, एका मोठ्या माणसाबरोबर चार मुलांपर्यंत, आणि त्यांना कर्मचारी रुंद गेटमधून सोडतात. 11 ते 15 वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या प्रवासासाठी पैसे भरून वापरायचे कार्ड, घेतले आणि स्थानकातल्या कर्मचाऱ्याला सांगितले, तर तो त्या कार्डावर 14 दिवसांसाठी निम्म्या भाड्याची सवलत घालून देतो. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते. साठीच्या पुढच्या आई-वडिलांना मात्र ज्येष्ठ नागरिक म्हणून भाड्यात सूट मिळेल अशी आशा धरू नये, कारण ते सवलतीचे कार्ड लंडनच्या रहिवाशांसाठीच आहे.

भारतातून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच एक काम उरकावे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 पासून लागू झालेल्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंद असते. ती बँकेच्या अॅपमधून आपणच चालू करायची असते. हिथ्रो विमानतळाच्या स्थानकातल्या गेटसमोर, मागे रांग उभी असताना आणि फोनला नेटवर्क नसताना ही गोष्ट लक्षात आली, तर फार तारांबळ उडते. गेटवर व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्सप्रेस चालतात. रुपेच्या भरवशावर येऊ नये. आपले कार्ड नाकारले गेले तर वाद घालण्यात वेळ न घालवता यंत्रातून ऑयस्टर कार्ड घेऊन त्यात पैसे भरावेत. ते कार्ड घेण्याचे पैसे परत मिळत नाहीत, पण आठवडाभर राहायचे असेल तर तेवढा खर्च सोसावा असे माझे मत आहे.

हिथ्रोवर आणखी एक खड्डा आहे. टर्मिनल 2 आणि 3 च्या स्थानकात एलिझाबेथ लाईन आणि हिथ्रो एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या एकाच फलाटावर येतात. एक्स्प्रेस पॅडिंग्टनला साधारण पंधरा मिनिटांत पोहोचते, पण तिचे ऐनवेळचे भाडे एलिझाबेथ लाईनच्या भाड्यापेक्षा बरेच जास्त असते आणि ते दिवसाच्या मर्यादेतही धरले जात नाही. समोर आलेली गाडी पकडण्याची मुंबईची सवय इथे आवरावी आणि इंडिकेटरवर गाडीचे नाव वाचूनच आत पाय ठेवावा.

गाडी बरोबर, फाटा चुकीचा

लाईनचा रंग पाहून गाडीत बसणे पुरेसे नाही, कारण एकाच रंगाच्या लाईनला फाटे असतात. याचे सगळ्यांत चांगले उदाहरण मराठी माणसाच्या जवळचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये ज्या घरात राहिले, ते 10, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले आणि आज ते पाहायला अनेक जण जातात. जवळचे स्थानक चॉक फार्म, नॉर्दर्न लाईनवर. ही लाईन कॅम्डन टाउनला दुभंगते: एक फाटा चॉक फार्मवरून एजवेअरला जातो, दुसरा केंटिश टाउनवरून हाय बार्नेटला. नकाशावर दोन्ही काळेच. त्यामुळे गाडीच्या कपाळावर एजवेअर लिहिले आहे का, हे पाहावे लागते. सावरकर ज्या इंडिया हाऊसमध्ये राहिले त्या हायगेटकडे जायचे असेल, तर नेमकी हाय बार्नेटची गाडी हवी. चुकीच्या गाडीत बसल्याचे कॅम्डनच्या आधी लक्षात आले तर घाबरू नका, कॅम्डनला उतरून योग्य गाडी पकडा. गेटबाहेर न पडल्यामुळे जास्तीचे भाडे लागत नाही. पिकॅडिली आणि डिस्ट्रिक्ट लाईनलाही असेच फाटे आहेत.  अर्ल्स कोर्टच्या फलाटावर गाडी कुठे जाणार हे पाहिल्याशिवाय तिच्यात चढू नये.

नकाशावर अंतर मोजणे ही त्याची जुळी चूक. हॅरी बेक यांनी आखलेला आणि 1933 मध्ये प्रसिद्ध झालेला ट्यूबच्या नकाशाचा आराखडा मुळात अंतरे दाखवण्यासाठी नाहीच. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर चालत जेमतेम पाच मिनिटांचे. तेवढ्यासाठी खाली उतरलात आणि लिफ्टची गर्दी टाळून जिन्याने वर निघालात, तर कॉव्हेंट गार्डनच्या 193 पायऱ्या समोर येतात. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन निघताना नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेली स्थानके आधी हेरून ठेवावीत. खूण निळी असेल तर रस्त्यापासून डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरी असेल तर ती सोय फक्त फलाटापर्यंत असते आणि डब्यात चढताना फट किंवा उंची लागू शकते. एलिझाबेथ लाईनच्या सर्व 41 स्थानकांत पायऱ्यांशिवाय फलाटापर्यंत जाता येते, म्हणून वयस्कर पाहुण्यांना मी शक्य तिथे तिनेच नेतो.

बसचा हिशेब उलटा असतो: चढताना एकदाच टॅप करायचे, उतरताना नाही. बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत. पहिल्या टॅपपासून तासाभरात त्याच कार्डाने दुसरी बस घेतली तर तिचे वेगळे भाडे लागत नाही. एकाच नावाचे थांबे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून थांब्याच्या खांबाच्या माथ्यावरचे अक्षर प्रवासाच्या अॅपमधल्या अक्षराशी ताडून पाहावे.

पैसे जास्त कापले गेले तर

डॉकलँड्स लाईट रेल्वेच्या बऱ्याच स्थानकांत गेटच नसतात, फक्त खांबावरचे यंत्र असते. गप्पांच्या नादात त्यावर टॅप करायचे राहून जाते आणि कमाल भाडे बसते. असे झाल्यास ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर खाते उघडून आपले कार्ड जोडावे. तिथे प्रवासांची यादी दिसते आणि अपूर्ण प्रवास वेगळा ओळखू येतो. कुठे उतरलो ते नोंदवून परताव्याचा अर्ज करता येतो. काकांच्या बाबतीत फोन आणि कार्ड असे दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागले आणि दोन्ही रकमा परत मिळाल्या. टॅप न करताच प्रवास करताना सापडलात, तर मात्र मार्च 2024 पासून दंड 100 पौंड आहे, 21 दिवसांत भरल्यास निम्मा.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी काही लाईन बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी प्रवासाच्या अॅपवर एक नजर टाकावी. रात्रभर ट्यूब फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, तीही पाचच लाईनच्या काही भागांवर धावते. इतर रात्री मध्यरात्रीनंतर एन अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या बस शोधाव्या लागतात. 25 डिसेंबरला तर ट्यूबही नसते आणि बसही नसते, म्हणून त्या दिवशीचे विमान असेल तर विमानतळावर जाण्यासाठीची गाडी काही आठवडे आधीच ठरवून ठेवावी.