यंदा गुलमर्गला बर्फ कसा असेल? कोल्हापुरात बसून अंदाज बांधायची माझी पद्धत

दिवाळी झाली की उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर, माझ्याबरोबर गुलमर्गला स्कीइंगला येणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, यंदा बर्फ कसा हाय?" मी उलट विचारतो, कुठल्या उंचीवर आणि कुठल्या आठवड्यात? कारण अख्ख्या हंगामाचं भाकीत नोव्हेंबरात खात्रीनं कुणालाच करता येत नाही. पण तारखा कुठल्या धरायच्या, किती उंचीवर स्कीइंग करायचं आणि पैसे कधी अडकवायचे, एवढं इथं बसून नक्की ठरवता येतं.

पुराच्या दिवसांत आपण गगनबावड्याला किती पडला, राधानगरीचे किती दरवाजे उघडले ते बघतो आणि मग राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी कधी गाठेल याचा हिशेब मांडतो. बर्फाचा हिशेब तसाच मांडायचा, फक्त नजर पश्चिमेला ठेवायची. काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो पश्चिमी झंझावातांमधून. भूमध्य समुद्र, कॅस्पियनच्या बाजूनं निघून इराण-अफगाणिस्तानवरून ते हिमालयावर धडकतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, पण प्रत्येकात दम नसतो. काही नुसते ढग दाखवून उत्तरेला सरकतात. ज्याचा पट्टा दक्षिणेपर्यंत खोल उतरतो आणि अरबी समुद्रातली बाष्प ओढून घेतो, तो एका फटक्यात उतार भरून टाकतो.

म्हणून आधी तारखा. काश्मिरी लोक 21 डिसेंबर ते 29 जानेवारी या चाळीस दिवसांना चिल्लाई कलान म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लाई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लाई बच्चा. कडाका पहिल्या चाळीस दिवसांत असतो, म्हणून लोक नाताळची सुट्टी धरून तिकिटं काढतात. ही घाई मला पटत नाही. डिसेंबरअखेर खालच्या उतारांवर पुरेसा थर बसलेला असेलच असं नसतं. मी फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे धरतो. मार्चमध्येही वर बर्फ चांगला असतो, पण आमच्या धंद्यात इयर-एंडला जागचं हलता येत नाही.

अलीकडची दोन वर्षं बघा. 2024 चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, मैदानावर गवत दिसत होतं. महिनाअखेरीस झंझावात आले आणि 21 फेब्रुवारीला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथंच सुरू झाल्या. 2025 ला 22 फेब्रुवारीपासून ठरलेली स्पर्धा बर्फाअभावी पुढं ढकलावी लागली आणि 9 ते 12 मार्चला झाली. म्हणजे बर्फ दोन्ही वर्षी आला, पण उशिरा.

एल निनो, ला निनाच्या बातम्या वाचायच्या, पण त्यावर तिकीट काढायचं नाही. एल निनोच्या हिवाळ्यात पश्चिम हिमालयात पाऊस-बर्फ जरा जास्त होण्याकडे कल असतो असं मानतात. 2023-24 हे एल निनोचंच वर्ष होतं, आणि जानेवारी कसा गेला ते वर सांगितलंच. ऑक्टोबरात गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर पांढरं दिसलं म्हणून हुरळूनही जायचं नाही. तो लवकरचा पातळ थर सावलीच्या उतारावर थंडीनं साखरेसारखा दाणेदार होतो आणि पुढं त्यावर जाड बर्फ बसला की तोच घसरायचा धोका असतो. आणि आपल्याकडे रंकाळ्यावर हुडहुडी भरली म्हणून तिकडे बर्फ पडत असेल, हा तर्क तर सोडूनच द्या. खुद्द काश्मीरमध्ये निरभ्र आकाशाखाली रात्री गोठवणाऱ्या असतात आणि बर्फाचा कण पडत नाही.

आता उंची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गुलमर्गचं मैदान सुमारे 2,650 मीटरवर. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे 3,080 वर सोडतो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, 3,900 च्या वर. उत्तराखंडातल्या औलीचे उतार साधारण 2,500 ते 3,050 मीटरमध्ये आहेत. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर आहे. झंझावात चालू असताना श्रीनगरला 5 अंश असेल तर गुलमर्गच्या मैदानावर उणे एक-दीड धरा, बर्फ पडतोय. श्रीनगरला 9 असेल तर मैदानावर पाऊस किंवा चिखल, आणि कोंगडोरीच्या वर मात्र बर्फच. हवामानाच्या ॲपवर 'गुलमर्ग' टाकलं की तो आकडा नेमक्या कुठल्या उंचीचा आहे ते आधी तपासा. पाण्याचा आकडा दिला असेल तर 10 मिलिमीटरला सुमारे 10 सेंटिमीटर ताजा बर्फ असा ढोबळ हिशेब चालतो.

डिसेंबर लागला की माझा गुरुवार ठरलेला. त्या दिवशी भारतीय हवामान विभागाचा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात पश्चिम हिमालय सरासरीपेक्षा ओला दाखवलाय की कोरडा, एवढंच टिपून घेतो. पहिल्या दोन आठवड्यांना वजन देतो, पुढच्या दोनांना कमी. सोबत नासाच्या वर्ल्डव्ह्यू या वेबसाइटवर रोजचं उपग्रहचित्र फुकट दिसतं. काश्मीर खोऱ्याच्या नैऋत्येला पीर पंजालची पांढरी पट्टी शोधा. आजचं आणि कालचं चित्र आलटून पालटून बघा: हलतं ते ढग, जागेवर राहतं तो बर्फ. पट्टी आठवड्यागणिक रुंद होत असेल तर बर्फ खालपर्यंत बसतोय. निघायच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र रोजचा अंदाज. तिथवर तो भरवशाचा असतो.

शेवटी तिथल्या माणसाला फोन. "बर्फ आहे का?" असं विचारू नका, पाहुण्याला कोण नाही म्हणेल? असं विचारा: गोल्फ कोर्सच्या उतारावर गवताची टोकं वर दिसतायत का? नवशिक्यांचे वर्ग मैदानावर भरतायत की वर कोंगडोरीला नेतायत? उघड्या बर्फात मूठ घातली तर मनगटापर्यंत जाते की वरच अडते? वर्ग कोंगडोरीला नेत असतील तर रोजच्या गंडोलाचे पैसे आणि रांगेचा वेळ हिशेबात धरावा लागतो.

पैशांचं म्हणाल तर विमान आधी काढावं लागतं, ते मी काढतो. हॉटेल मात्र तारीख पुढं सरकवू देणारंच घेतो, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. तिथं किमान सहा दिवस ठेवा. कारण मोठा बर्फ पडला की जोराच्या वाऱ्यानं किंवा हिमस्खलनाच्या भीतीनं गंडोलाचा दुसरा टप्पा बंद राहू शकतो आणि चार दिवसांच्या सहलीतले दोन त्यातच जातात. अशा वेळी डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा वाचतो. फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गच्याच वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. म्हणून ताज्या बर्फानंतरचे पहिले दोन दिवस माझ्याबरोबरची पोरं मैदानावरच शिकतात, कितीही हट्ट केला तरी.