जुन्या फोटोतली ब्रिटिश युद्धनौका कशी ओळखावी आणि तिची तोफताकद कशी मोजावी

जुन्या पोस्टकार्डावर करड्या रंगाचे एक अवजड जहाज आणि खाली पुसट झालेले नाव. जहाज १९०० ते १९१८ या काळातली ब्रिटिश युद्धनौका असेल, तर नाव वाचता आले नाही तरी तिचा वर्ग, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा गट, बहुतेक वेळा सापडतो. त्यासाठी भिंग, कागद-पेन्सिल आणि एक शिस्त लागते: आधी तोफा, मग डोलकाठ्या आणि धुराडी, नाव सर्वांत शेवटी. बरेच जण उलट करतात. मथळ्यातले नाव खरे धरतात आणि चित्र त्याला जुळवत बसतात.

१. मोठे बुरुज मोजा

बुरुज म्हणजे तोफांचे फिरते चिलखती घर. त्यातून सहसा दोन नळ्या बाहेर आलेल्या दिसतात. पुढे एक आणि मागे एक, एवढेच दोन मोठे बुरुज असतील तर जहाज ‘ड्रेडनॉट’पूर्वीच्या, म्हणजे सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या असलेल्या १९०६ च्या युद्धनौकेच्या आधीच्या, पिढीतले. चार १२ इंची तोफा हे त्या पिढीचे जवळजवळ ठरलेले माप.

आता धुराडी पाहा. दोन्ही धुराडी जहाजाच्या रुंदीत शेजारी-शेजारी असतील तर १८९५ च्या सुमाराचा ‘मॅजेस्टिक’ वर्ग, एकामागे एक असतील तर ‘कॅनोपस’ आणि त्यापुढचे वर्ग. फोटो अगदी बाजूने काढलेला असेल तर शेजारची धुराडी एकच भासतात, म्हणून वरच्या कडा भिंगाने तपासा. मध्यभागाच्या चार कोपऱ्यांवर एकेका ९.२ इंची तोफेचे छोटे बुरुज दिसले तर ‘किंग एडवर्ड सातवा’ वर्ग. यात आठ जहाजे होती आणि त्यांपैकी एकाचे नाव ‘हिंदुस्तान’. १२ इंची आणि ९.२ इंची गोळ्यांनी पाण्यात उडणारे फवारे दुरून वेगळे ओळखू येत नसत, त्यामुळे नेम सुधारायचा तर कोणत्या तोफेचा, हेच कळेना. सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या असाव्यात, या आग्रहामागे ही अडचणही होती.

मुंबई बंदराचा १९१४ च्या आसपासचा फोटो असेल तर ‘स्विफ्टशुअर’ची शक्यता जरूर तपासा. ती चिलीसाठी बांधली होती, १९०३ मध्ये ब्रिटनने विकत घेतली. म्हणूनच तिच्या तोफा ठरावीक मापाच्या नाहीत: चार १० इंची आणि चौदा ७.५ इंची. मधोमध हंसाच्या मानेसारख्या वाकलेल्या मोठ्या क्रेन ही तिची पक्की खूण. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ती ईस्ट इंडीज ताफ्याची ध्वजनौका होती आणि भारतीय सैनिकांच्या जहाजांना मुंबईहून एडनपर्यंत सोबत करत होती.

२. पाच बुरुज असतील तर त्यांची जागा पाहा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पाचपैकी दोन बुरुज बाजूंना, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, असतील तर तोफा १२ इंची. पाचही मधल्या रेषेवर असतील तर बहुधा १३.५ इंची.

बाजूचे बुरुज असलेल्यांत डोलकाठी पाहा. पुढचे धुराडे आधी आणि त्याच्या मागे तिपाई डोलकाठी, असा क्रम असेल तर स्वतः ‘ड्रेडनॉट’ (१९०६). ही रचना चुकीची होती. धूर आणि गरम वायू थेट वरच्या निरीक्षण-मचाणावर जात, आणि पल्ल्याचा अंदाज देणारी माणसे तिथेच बसलेली. ‘बेलेरोफोन’ आणि ‘सेंट व्हिन्सेंट’ वर्गांत पुढची काठी धुराड्याच्या पुढे आणली आणि दोन्ही काठ्या तिपाई केल्या. हे दोन वर्ग एकमेकांपासून वेगळे करणे कठीण आहे, तिथे घाईने निकाल देऊ नका. मागचा एक बुरुज दुसऱ्याच्या डोक्यावरून मारा करील असा उंच असेल तर ‘नेपच्यून’, ‘कोलोसस’ किंवा ‘हर्क्युलिस’.

मधल्या रेषेवरच्या पाच बुरुजांत ‘ओरायन’ वर्ग चटकन ओळखू येतो, कारण काठी धुराड्यामागे ठेवायची जुनी चूक तिथे पुन्हा केली होती. ‘किंग जॉर्ज पाचवा’ (१९११) वर्गात काठी पुढे आली, सुरुवातीला साधी एकखांबी. ‘आयर्न ड्यूक’ वर्गात पुढे तिपाई काठी आणि जहाजाच्या अंगातच बसवलेल्या ६ इंची तोफा दिसतात. त्या इतक्या खाली होत्या की लाटा समोरून आल्या की आत पाणी घुसे. ‘एम्परर ऑफ इंडिया’ याच वर्गातली, आधी तिचे नाव ‘दिल्ली’ ठरले होते.

पुढे दोन, मागे दोन आणि मध्ये एकही नाही, म्हणजे १५ इंची तोफा. दोन धुराडी असतील तर ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्ग, एकच जाड धुराडे असेल तर ‘रिव्हेंज’. ही खूण फक्त महायुद्धकाळापुरती धरा. ‘वॉरस्पाइट’ची दोन धुराडी १९२४-२६ च्या दुरुस्तीत एकत्र केली गेली.

सात बुरुज मोजले तर पुन्हा मोजायची गरज नाही, ती ‘एजिनकोर्ट’. तिच्या बुरुजांना खलाशी आठवड्याच्या वारांची नावे देत.

३. एका बाजूच्या फैरीचे वजन काढा

‘१२ इंच/४५’ यातला पहिला आकडा नळीच्या तोंडाचा व्यास. दुसरा सांगतो की नळी त्या व्यासाच्या ४५ पट लांब आहे: ५४० इंच, म्हणजे सुमारे १३.७ मीटर. नळी लांब म्हणजे तोफ चांगली, असे मात्र नाही. ‘सेंट व्हिन्सेंट’ वर्गाच्या १२ इंच/५० तोफेने गोळ्याचा वेग वाढवला, पण नळी लवकर झिजू लागली आणि नेमही बिघडला. म्हणून पुढे वेग कमी आणि गोळा जड, असा १३.५ इंचांचा मार्ग धरला. छोट्या तोफांचे माप वेगळेच. ‘१२ पौंडी’ म्हणजे १२ पौंडांचा गोळा फेकणारी, तिचा व्यास ३ इंच. ही गल्लत फार होते.

एकूण तोफा मोजू नका, एका बाजूला मारा करू शकणाऱ्या मोजा. त्यांना गोळ्याच्या वजनाने गुणा आणि पौंडांना ०.४५३६ ने गुणून किलो करा.

ड्रेडनॉट: दहापैकी ८ × ८५० पौंड = ६,८०० पौंड, सुमारे ३,०८४ किलो.
ओरायन: १० × १,२५० = १२,५०० पौंड, सुमारे ५,६७० किलो.
आयर्न ड्यूक: १० × १,४०० = १४,००० पौंड, सुमारे ६,३५० किलो.
क्वीन एलिझाबेथ: ८ × १,९२० = १५,३६० पौंड, सुमारे ६,९६७ किलो.

कागदावरचा आकडा आणि समुद्रावरचा यांत फरक पडतो. ‘नेपच्यून’ कागदोपत्री दहाही तोफा एका बाजूला वळवू शके, पण डेकवरून आडवा मारा केला की स्फोटाच्या झोताने जहाजाचेच नुकसान होई. ‘ओरायन’मध्ये वरचा बुरुज थेट नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने मारा करू शकत नसे. खालच्या बुरुजाच्या छतावर नेम धरण्याची झरोकेवजा टोपणे होती, त्यांतून झोत आत शिरला असता.

गोळ्यामागची दारू वेगळी मोजा. १५ इंची तोफेला सुमारे १९४ किलो कॉर्डाइट लागे, रेशमी पिशव्यांत चार भाग करून. गोळा आणि पिशव्या खालच्या कोठारांतून पाळण्याने बुरुजात येत, पाण्याच्या दाबावर चालणारा दांडा आधी गोळा आणि मग पिशव्या नळीत ढकले. वेग वाढवण्यासाठी पिशव्या वाटेत रचून ठेवल्या आणि दारे उघडी ठेवली की एक ज्वाळा थेट कोठारापर्यंत पोचे. ३१ मे १९१६ रोजी जर्मन ताफ्याशी झालेल्या जटलंडच्या लढाईत ‘इनडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इनव्हिन्सिबल’ या तीन बॅटलक्रूझर (वेगासाठी चिलखत कमी ठेवलेल्या मोठ्या युद्धनौका) कोठारांच्या स्फोटांत गेल्या.

४. फोटोचा काळ ठरवा

काळे अंग, पांढरा वरचा भाग आणि पिवळट धुराडी असतील तर फोटो १९०३ च्या सुमाराच्या आधीचा, त्यानंतर सगळे करडे. धुराड्यांवर पांढरे पट्टे म्हणजे महायुद्धाआधीची काही वर्षे; एकाच वर्गातली जहाजे वेगळी ओळखण्यासाठी ते होते. अंगावर तिरके दांडे म्हणजे पाणतीर (टॉर्पेडो) अडवणाऱ्या जाळ्यांचे, जटलंडनंतर ते काढले गेले. बुरुजाच्या छतावर विमान उडवायचा फळ्यांचा मंच दिसला तर १९१७ किंवा त्यानंतरचा.

५. सेवेची नोंद लिहा

तीन तारखा वेगळ्या ठेवा: बांधणीला सुरुवात, जलावतरण, सेवेत दाखल. ‘ड्रेडनॉट’साठी त्या २ ऑक्टोबर १९०५, १० फेब्रुवारी १९०६ आणि डिसेंबर १९०६ आहेत, एक लिहून दुसरी समजली की सगळा हिशेब सरकतो. नावाबरोबर वर्ष लिहाच, कारण नावे पुन्हा वापरली जात. ‘सेंचुरियन’ १८९२ मधलीही आहे आणि १९११ मधलीही. ‘न्यूझीलंड’ युद्धनौकेचे नाव १९११ मध्ये ‘झीलंडिया’ झाले, कारण ते नव्या बॅटलक्रूझरला दिले गेले.

शेवट कसा झाला हे लिहिताना ‘बुडाली’ एवढ्यावर थांबू नका. ‘ऑडेशस’ २७ ऑक्टोबर १९१४ रोजी आयर्लंडच्या उत्तरेला पाणसुरुंगावर गेली, ‘गोलायथ’ १३ मे १९१५ रोजी तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत पाणतिराने बुडाली, तर ‘व्हॅनगार्ड’ ९ जुलै १९१७ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कॅपा फ्लो या नौदल तळावर नांगरलेली असताना स्वतःच्याच कोठाराच्या स्फोटात नष्ट झाली. रोजची हालचाल हवी असेल तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जहाजांची दैनंदिनी ‘एडीएम ५३’ या मालिकेत आहे. तिथे स्थान, हवामान आणि घडलेल्या गोष्टींच्या नोंदी सापडतात. मागणी नोंदवताना नाव आणि महिना दोन्ही द्या, आणि सापडलेल्या तारखेने फोटोतल्या जाळ्यांचे दांडे नि धुराड्यांवरचे पट्टे पुन्हा एकदा पडताळून घ्या.