एनएफटी लिलावात चित्र घेताना आणि विकताना

एनएफटी म्हणजे चित्राशी जोडलेलं टोकन, ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीतली मालकीची नोंद. त्यासाठी आधी मेटामास्कसारखं वॉलेट, म्हणजे टोकनं आणि डिजिटल चलन सांभाळणारं अॅप, उघडा. वॉलेट परत मिळवण्यासाठी दिलेले 12 शब्द कागदावर उतरवा, त्यांचा फोटो काढू नका. ते ज्याच्या हाती लागले, वॉलेट त्याचं.

बोलीआधी कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकनं बनवणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामचा, पत्ता तपासा. चित्रकाराच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी तो पूर्ण जुळला पाहिजे; पहिली-शेवटची चार अक्षरं जुळून भागत नाही. चोरलेली चित्रं त्याच नावाने सर्रास विकायला येतात. मग इथरस्कॅनवर (इथेरियम ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणारी साइट) टोकन यूआरआय, म्हणजे चित्राची माहिती कुठे ठेवली आहे तो पत्ता, बघा. तिथे साधा वेब पत्ता असेल, तर सर्व्हर बंद पडल्यावर टोकन उरेल, चित्र नाही. आयपीएफएस (अनेक संगणकांवर फाइली ठेवणारं नेटवर्क) त्यापेक्षा बरं, पण तिथेही फाइल कुणीतरी पिन करून, म्हणजे स्वतःकडे साठवून, ठेवावी लागते.

राखीव किमतीच्या (ठरलेल्या किमान बोलीच्या) लिलावात बहुधा पहिल्या बोलीपासून 24 तास मोजतात. शेवटच्या 15 मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, त्यामुळे अखेरच्या सेकंदाला डाव साधत नाही. आपली कमाल रक्कम आधीच ठरवा. गॅस फीसाठी, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराच्या शुल्कासाठी, थोडं इथर (इथेरियमचं चलन) वेगळं ठेवा.

विकणाऱ्या चित्रकारांनी पुनर्विक्रीच्या रॉयल्टीवर, म्हणजे चित्र पुढे विकलं गेल्यावर मिळणाऱ्या वाट्यावर, हिशेब मांडू नये. ओपनसी या एनएफटी बाजाराने 2023 मध्ये ती ऐच्छिक केली. अनोळखी साइटने ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ मागितलं तर सही करूच नका. त्या एका सहीने कलेक्शनमधली तुमची सगळी टोकनं हलवता येतात.

घेतलेलं एनएफटी विकल्यास भारतात नफ्यावर 30 टक्के कर, वर सेस. खरेदीची किंमत तेवढी वजा होते. गॅस फी नाही, दुसऱ्या टोकनातला तोटाही नाही.