गाजरगवत: खान्देशात कुठे फवारता येतं, कुठे नाही

बांधावर, चारीच्या कडेला गाजरगवत माजलं की दुकानातून ग्लायफोसेट हे तणनाशक आणायचं आणि मारायचं, ही सर्रास रीत. नियमात ती बसत नाही. आपल्याकडे ग्लायफोसेटला मंजुरी आहे ती चहाचे मळे आणि बिगरपीक जागेपुरती. त्यातही केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच, म्हणजे परवानाधारक फवारणी करणाऱ्याकडूनच, करून घ्यायची. म्हणजे पडीत, रस्त्याकडेला, गोदामाभोवती वाट मोकळी आहे. कपाशीच्या ओळीत किंवा केळीच्या बागेत नाही. तणनाशक सहन करणाऱ्या 'चोर बीटी' कपाशीला तर लागवडीचीच परवानगी नाही.

ऑपरेटर आला तरी लक्ष आपणच ठेवायचं. ४१ टक्के द्रावण लिटरला १० ते १५ मिली, झाड फुलावर येण्याआधी, वारा पडलेला असताना. पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्यातल्या मातीला औषध चिकटतं आणि निकामी होतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानेही जोर कमी पडतो. नंतर सहा तास पाऊस नको.

खरा घात टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकाने होतो. कपाशी त्याला फार नाजूक. शेजारच्या बांधावरून नुसता तुषार आला तरी पानं अरुंद, बोटांसारखी होतात, पात्या (कळ्या) गळतात. त्याच्या इथिल ईस्टर या प्रकाराची तर वाफही उडून जाते, म्हणून कपाशीच्या पट्ट्यात ते नकोच. दुसरी चूक पंपाची: तणनाशक मारलेल्या पंपाने पुढे कपाशीवर कीटकनाशक फवारलं जातं. नळी आणि वॉशरमध्ये राहिलेला अंशही पुरतो. साध्या पाण्याने धुऊन भागत नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगाने खूण करा.

पिकात उपटणं हाच मार्ग. ओल असताना, फुलाआधी, मुळासकट. वरून कापलं तर खोडाला पुन्हा फुटवे येतात. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, कारण त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास होतो. फुलाआधीचं गवत कंपोस्ट खड्ड्यात चालतं. फुलावर आलेलं टाकू नका, एका झाडाला हजारो बिया धरतात.

पडीत गाजरगवताचा पाला खाणारा मेक्सिकन भुंगेरा, म्हणजे झायगोग्रामा, सोडा. पावसाळ्यात जिथे तो भरपूर दिसतो तिथून ५०० ते १,००० भुंगेरे छिद्रं पाडलेल्या डब्यात, गाजरगवताच्या पाल्यासह आणा आणि संध्याकाळी एकाच दाट पट्ट्यात सोडा. तिथे तणनाशक नको, कीटकनाशक तर नकोच. पावसाळा सरला की भुंगेरे मातीत दडतात, म्हणून तो पट्टा नांगरू नका.