सर्वेक्षणाची अडचण अशी सुटली
बीड जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या संस्थेचा हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवून शिकवण्याच्या सोयीचा, प्रस्ताव परत आला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली किती मुलं शाळा सोडतात, याची आकडेवारी हवी होती आणि सर्वेक्षणाला पैसा नव्हता. मग विद्यापीठाच्या समाजकार्य विभागप्रमुखांना पत्र दिलं: आमचा प्रश्न, गावं, राहण्या-जेवणाची सोय. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये जाऊन प्रत्यक्ष काम, करावंच लागतं, त्यामुळे सरांनी होकार दिला. दसऱ्याआधी या म्हणालो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघाल्या की घरांना कुलपं. अटी मात्र आधीच लिहून घ्या, हे फार महत्त्वाचं: माहितीची प्रत संस्थेकडे, कुटुंबांची नावं गुप्त, निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचायचे. लोकांची माहिती लोकांना परत मिळालीच पाहिजे. अहवाल जोडून प्रस्ताव पुन्हा पाठवला, मंजूर झाला.