जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकावर स्वच्छ कसा करावा

माळ्यावरच्या डब्यात आजीच्या ओव्यांची, गावच्या कीर्तनाची किंवा घरगुती बैठकीची कॅसेट पडून असेल, तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर खूप उपयोगी पडतं. पण निम्मं काम संगणक सुरू करण्याआधीच करावं लागतं.

आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत नीट पाहा. दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर कॅसेट टेपमध्ये घालूच नका, कारण बुरशी हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या टेपमधल्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटवर जाते. फीत चांगली असेल तर वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा.

कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा आणि वाळू द्या. तरीही आवाज घुसमटलेला आला, तर कॅसेट चालू ठेवून हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवा. 'स' आणि 'श' जिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतील, तिथे थांबा. हेडचा कोन चुकल्यामुळे जे रेकॉर्डच झालं नाही, ते पुढे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

टेपच्या लाइन-आउट किंवा हेडफोनच्या जागेतून संगणकाला वायर जोडा. बऱ्याच लॅपटॉपना फक्त माइकची जागा असते. तिथे यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगचा दर्जा 44,100 हर्ट्झ, 24 बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. हे मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइल म्हणून जपून ठेवा आणि पुढचं सगळं तिच्या प्रतीवर करा.

पहिल्यांदा विजेची गुणगुण काढा. नॉच फिल्टर, म्हणजे एकच ठरावीक कंपनसंख्या कापणारा इफेक्ट, उघडला की त्यात आधीच 60 हर्ट्झ हा आकडा असतो. तो अमेरिकेतल्या विजेचा. आपल्याकडे 50 टाका. गुणगुण उरली तर 100 आणि 150 वरही तेच करा.

आता फितीची सरसर. गाणं सुरू होण्याआधीचा, नुसती सरसर असलेला एखाद-दोन सेकंदांचा तुकडा निवडा, नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. मग पूर्ण रेकॉर्डिंग निवडून तोच इफेक्ट 6 डेसिबलवर लावा. नमुन्याचा तुकडा निवडताना मात्र कान देऊन ऐका. त्यात तंबोरा वाजत असेल, तर सॉफ्टवेअर त्यालाही गोंगाट समजून खातं, कारण तोही एकसारखा चालू असतो. ओव्यांमागची जात्याची घरघरही अशीच जाते, आणि ती गेली की ओवीचा ठेकाच जातो. म्हणून 'रेसिड्यू' निवडून काय काढलं जातंय ते ऐका. त्यात शब्द किंवा सूर ऐकू आले तर डेसिबल कमी करा. 20-25 डेसिबल काढलं की माणूस पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा थोडी सरसर राहिलेली मला कधीही चालेल.

टकटक एखाद-दुसरीच असेल तर पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात ती जागा झूम करून पाहा आणि तेवढीच काढा. गायकाचा आवाज चिरका किंवा जड लागत असेल, तर टेपची गती चुकलेली असते; बैठकीतली पेटी अजून घरात असेल तर तिच्या सुराशी ताडून 'चेंज स्पीड अँड पिच'ने दुरुस्त करा.

शेवटी आवाजाची पातळी वाढवा, नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री काढा आणि फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि साल लिहा.